भिंतीवरचे सात आठे

हटवादी लॅकलन यास,

खुब्याचं हाड जुळतंय ना? मग एक कबूल करते. हे पत्र मी टपालात टाकणार नाही, म्हणूनच करते.

स्कॉटलंड वेगळं व्हावं असं मला वाटतं, होऊ नये असं तुला. दर निवडणुकीला आपण भाऊबहीण जोडीने जातो आणि एकमेकांचं मत फुकट घालवून येतो. दोघं घरी बसलो तरी चालेल, पण तू खरंच बसशील यावर माझा विश्वास नाही आणि माझ्यावर तुझा नाही.

या खेपेस तू इस्पितळात होतास, म्हणून मी एकटीच गेले. मतदान आपल्याच शाळेत, जिथे आपण दोघांनी तीस वर्षं शिकवलं. आडोशात मताची फुली मारायला दोरीने बांधलेली पेन्सिल होती आणि तिच्या वरच भिंतीवर पोरांचे पाढे चिकटवलेले. सात आठे चोपन्न. त्यावर बाईंची बरोबरची खूण.

"तुमच्या वेगळं होणाऱ्यांच्या सरकारने शाळांची वाट लावली," हे तुझं पालुपद आठवलं. "लंडन पैसे अडवतं," हे माझं ठरलेलं उत्तर. पण चोपन्न काही लंडनने केले नव्हते.

मी पेन्सिल उचलली आणि चोपन्नचे छप्पन्न केले. मतपत्रिका मात्र कोरीच पेटीत टाकली. तू अंथरुणात पडलेला असताना जिंकण्यात कसली मजा?

घरी येताना फार बरं वाटत होतं.

रविवारी तू सूप प्यायला येशील. हल्लीच्या पोरांना पाढे येत नाहीत, असं तू म्हणशीलच. मी ते साफ नाकारणार आहे.

तुझी थोरली,
एफी