भात्याचा हात

४ जुलै, पेण
शाळेने पेटी बाजूला सारून कीबोर्ड आणला. हेडबाई म्हणतात, पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षेचं सर्टिफिकेट आणा, नाहीतर माझ्या जागी पनवेलचे सर येतील. इतकी वर्षं शिकवलं ते गेलं खड्ड्यात. परीक्षेत बरोक, म्हणजे युरोपातल्या तीनशे वर्षांपूर्वीच्या काळातली एक रचना सक्तीची. रोह्याच्या रोझीबाई शिकवणार.

११ जुलै, परतताना गाडीत
परीक्षेसाठी फ्यूग नावाची रचना मिळाली. उजवा हात एक चाल म्हणतो, मग डावा तीच चाल पंचमावरून उचलतो, उजवा तोवर भलतंच काही गात असतो. ऐकायला सुंदर. पण माझा डावा हात जन्मभर पेटीचा भाता हलवत आलाय. त्याला सूर माहीतच नाहीत.

१९ जुलै
वाजवताना सवयीने मुरकी घेतली गेली. रोझीबाई म्हणाल्या, "बरोकमध्ये सजावट भरपूर असते. पण तिची जागा असते. तू कुठेही घेतेस."
म्हटलं, आमच्यात न घेणाऱ्याला कोण ऐकतं. हसल्या नाहीत.

२ ऑगस्ट
हे फर्स्ट शिफ्टहून आले. "तीच ओळ किती वेळा गो? शेजारी विचारतात, कॅसेट अडकली काय." समोरच्या कारखान्यात गणपती रंगवायचा कॉम्प्रेसर दिवसभर चालतो, तो चालतो सगळ्यांना.

१० ऑ.
भजनी मंडळात पेटीवर मी, भजन रंगात आलेलं. माझा डावा हात भाता सोडून पट्ट्यांवर. पेटीचा आवाज बसला, तबला थांबला. मंडळाच्या वत्सलाकाकू सगळ्यांदेखत, "काय गो, पेटी इसरलीस?"
तिकडचं येत नाही, इकडचंही सुटत चाललंय. जेवले नाही.

२३ ऑ.
रोझीबाईंसमोर रडू आलं. त्यांनी उजवा हात मांडीखाली ठेवायला लावला. "डावा साथीला नाही बसलेला. तोही गातोय." राग आला. तसंच वाजवलं.

६ सप्टें.
डावा एकटा बरा जातो. दोन्ही एकत्र केले की कोसळतं. पनवेलचे सर शाळा बघून गेले. मला कुणी सांगितलं नाही, शिपायाकडून कळलं.

१८ ऑक्टो.
परीक्षा झाली. मध्यावर उजवा अडला. डावा थांबला नाही, एकटाच चालत राहिला. उजवा परत आलाच नाही, शेवटचा सूर डाव्याचा. परीक्षक मान खाली घालून लिहीत होते. काय लिहिलं, कोण जाणे.
घरी यांनी विचारलं, "सुटलीस का?" म्हटलं, ठाऊक नाय.
हेडबाईंचा फोन येऊन गेलाय. अजून लावला नाही. आधी अडलं तिथपासून दोन्ही हातांनी एकदा शेवटपर्यंत वाजवते.