अप्पांच्या करदोड्याची घंटी

माय, आज औरादच्या बाजाराला जाऊन मेंढराच्या गळ्यातली घंटी घेऊन आलो. दुकानदारानं विचारलं, "किती मेंढरं हायत, अण्णा?" मी म्हटलं, एकच. म्हणून गेलो खरा, पण बसमध्ये बसल्यावर माझी मलाच शरम वाटली, कारण घंटी तुझ्या सुनेसाठी आहे.

ती विसरायलीय, माय. आधी भाजीत दोनदा मीठ पडायचं, आता घराची वाटच आठवत नाही. परवा इथं गुलबर्ग्यात रिक्षावाल्याला माहेरच्या गावाला ने म्हणत चौकात उभी होती. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, हे एकट्याचं काम नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून ठेवा. मी मान हलवली. तुझी आठवण तिथंच आली.

अप्पांना भूल पडायला लागली तेव्हा मेंढरं विकून बराच काळ झाला होता. मी गुलबर्ग्यात गोदामावर वॉचमन. तरी दिवस कलला की अप्पा काठी घेऊन मेंढरं आणायला निघायचे. तुझे गुडघे धरलेले, त्यांच्यामागं धावणार कशी? मग तू कळपातल्या पुढच्या मेंढ्याची जुनी घंटी शोधलीस आणि अप्पांच्या कमरेच्या करदोड्याला बांधलीस. अप्पा खूश. घंटी वाजते म्हणजे मेंढरं मागं येताहेत, असं त्यांना वाटायचं. आणि तू तेवढ्यावर थांबली नाहीस. दारोदार फिरून सांगितलंस, "आमच्या माणसाला भूल पडलीय. घंटी ऐकली की थांबवा, बाबांनो." शिंपीचाचा मशीन थांबवून हाक मारायचे, "अप्पा, आओ, बैठो, चाय पीको जाओ." लोहाराची बायको हाताला धरून घरी आणून सोडायची. तेवढ्या वेळात तू भाकरी थापायचीस, नाहीतर भिंतीला टेकून जरा डोळा लावायचीस.

तुझ्या नातीला बघायला पाहुणे येणार म्हणून मी गावी आलो, दारातच ती घंटी ऐकली आणि माझं टाळकं सरकलं. "माणूस हाय का ढोर? लोकं काय म्हणतील?" मी घंटीला हात घातला तरी तू चुलीपासून उठली नाहीस. "लोकंच सांभाळायलेत त्येंना. तू काढायलास कामून?" मी ऐकतोय कशाला! विळा घेऊन घंटी कापली, तिच्याबरोबर करदोडाही तुटला. तेव्हा मात्र तू गुडघे विसरून धावत आलीस. करदोडा तोडतात तो मेलेल्या माणसाचा. पदराची चिंधी फाडून तू त्यांच्या कमरेला बांधलीस आणि म्हणालीस, "आता तू बस त्येंच्यापाशी." बसतो की, मी म्हटलं.

पाहुणे आले. अप्पा कुठं आहेत, असं विचारलं तर मी खुशाल सांगून टाकलं, लेकीकडं गेलेत. आतल्या खोलीत त्यांना बसवून पुढचं दार लावलं होतं, मागच्या दाराची कडी राहिली. मी चहा-पोह्यांच्या गडबडीत. अप्पा नेहमीच्याच गल्लीतून, नेहमीच्याच दारांवरून गेले आणि कुणी मान वर करून बघितलं नाही. सगळे घंटीच्या भरवशावर होते ना!

दिवस मावळायला आल्यावर कळलं. तूच पाहुण्यांना खरं सांगितलंस. मुलाचा बाप इस्त्रीच्या धोतरानिशी तुरीच्या शेतात शिरला, अप्पा, अप्पा, अशा हाका मारत. मधेच माझ्याकडं वळून म्हणाला, "आमचा थोरला भाऊ बी असाच हाय. सांगायचं की हो." धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

अप्पा ओढ्यात सापडले. पाय काट्यांनी फाटलेले, लहान लेकरासारखे रडत होते. "मेंढरं गेली. एकीचा बी आवाज न्हाई." दुसऱ्या दिवशी तू नवा करदोडा आणून घंटी परत बांधलीस, पण अप्पा पुन्हा कधी निघालेच नाहीत. जाईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिले आणि ती घंटी काही वाजली नाही. तू मला एका शब्दानं बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं, माय. दोन शिव्या घातल्या असत्यास तरी चाललं असतं.

आज तुझ्या सुनेनं पिशवीतून घंटी काढली, कानाशी धरून हलवली आणि हसून म्हणाली, "अप्पा आले जणू." माझं नाव तिला सकाळपासून आठवलेलं नाही. मी तिच्या कमरेला घंटी बांधली. ती घरभर वाजवत फिरली.

आता दारोदार जायचं तेवढं राहिलंय. बाहेर पडलो तर शेजारच्या बाई दारातच उभ्या. त्यांनी विचारलं, घंटी कशाची वाजायलीय? मी म्हटलं, देवपूजेची.