तडालाच्या आईचा तुकडा

२ जून, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. ब्लँटायरला येऊन पाच महिने झाले आणि इस्पितळाच्या लॅबमध्ये मी अजून काचा धुतोय नि मेण वितळवतोय. हे फार दिवस चालणार नाही. डिसेंबरपर्यंत टेक्निशियन. सहावीपर्यंतच शिकलो, तर काय झालं? करोंगाच्या बाजारात सात वर्षं बकरी कापली आहेत. आत काय असतं ते मला कुणी शिकवायला नको.
हे फोया मॅडमना ऐकवलं. लॅब त्याच चालवतात. म्हणाल्या, कसायाला मटण दिसतं, इथे आपण ऊतक बघतो, फरक कळला की सांग.
कळलाय.

३ जून
मॅडमच्या मागे लागून धडा घेतला. माणसाच्या अंगात ऊतकांचे चारच प्रकार. झाकणारं, सांधणारं, ओढणारं आणि निरोप नेणारं. मी म्हटलं, म्हणजे घरच की. पत्रा, विटांमधला चिखल, दार ओढणारा नवरा आणि आतून हाका मारणारी बायको. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, पत्रासुद्धा सगळीकडे सारखा नसतो. कातडीला घासणं सोसायचं असतं म्हणून तिथे थरावर थर. आतड्याला शोषायचं असतं म्हणून तिथे एकच थर आणि वर लव.
ती लव मी सात वर्षं सुरीने खरवडली आहे. मला सांगतात.

५ जून, गुरुवार
आज तडालाच्या आईच्या छातीतल्या गाठीचा तुकडा काढला. न्दिरांदे वस्तीत मी तिच्याच घरी भाड्याने राहतो. वय अठ्ठावन्न, विधवा, चौकात मंडासीचे गोड गोळे तळून विकते. माझं जेवणही तीच बघते. दोन महिने गाठ कुणाला दाखवली नव्हती. मीच ओढून आणली. म्हटलं, काळजी सोड, तुझा तुकडा माझ्या देखरेखीखाली राहील. म्हणाली, "बाळा, तो सांभाळून मला परत नको देऊस. त्याच्या मनात काय आहे तेवढं विचारून घे."

दुपारी ४
छातीचे तुकडे दोनच आलेत. २१२ तडालाच्या आईचा. २१३ चिक्वावाच्या कुणा तेवीस वर्षांच्या बाईचा. तुकडे ठेवलेल्या जाळीच्या डब्यांवर मॅडमनी पेन्सिलीने नंबर घातले. अक्षर म्हणजे कोंबडी नाचून गेलेली. आपल्या माणसाचा तुकडा, असा गबाळा नंबर बरा दिसत नाही. ओल्या बोटाने पुसला आणि चर्चमध्ये मिळालेल्या निळ्या पेनाने ठळक काढला. शेजारचीवर अन्याय नको म्हणून तिचाही. बाकीच्या डब्या कोंबडीच्याच राहू दिल्या. मग सगळ्या मशीनमध्ये. रात्रभर अल्कोहोल, मग मेण.

६ जून, शुक्रवार, सकाळी ७
दोन डब्या पांढऱ्या. कोऱ्या. अल्कोहोलने निळं सगळं पिऊन टाकलं. बाकीच्यांवर पेन्सिल जशीच्या तशी.
हे आधी सांगायला नको? भिंतीवर लिहिलेलं आहे म्हणा. पण इंग्रजीत.

७.१५
मॅडम मयतीला गेल्यात, दहाला येतील. दोन्ही डब्या दिव्याखाली तिरक्या धरून बघितल्या. रेघही नाही.

७.४०
निर्णय घेतला. कसायाची नजर उगाच नसते. एक तुकडा गुबगुबीत, एक बारीक. तडालाची आई अंगाने भरलेली, चिक्वावाची ती काडी, काल रांगेत बघितली होती. म्हणजे गुबगुबीत तो २१२. घातला नंबर, पेन्सिलीने.
मॅडमना सांगणार होतो. पण मयतीहून आलेल्या माणसाला त्रास कशाला?

९ जून, सोमवार
मेणातून पातळ काप निघाले, गुलाबी-जांभळे रंगवून काचांवर चढले. डॉक्टर लिकोस्वेंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तेवढ्यात मी एकच टेबल चार वेळा पुसलं. शेवटी ते मॅडमना म्हणाले, २१२ साधी गाठ, २१३ कॅन्सर.
२१२ साधी. टेबल पाचव्यांदा पुसलं.
मॅडमनी बजावलं, उद्या डॉक्टर फॉर्म वाचून सही करतील, तोवर कुणी तोंड उघडायचं नाही. बघत होत्या माझ्याकडे.

संध्याकाळी
सांगितलं. दारातच ती उभी होती, चार दिवसांत अर्धी झालेली. मी काय दगड आहे? ऐकून पिठाच्या डब्यावर बसली, पदराने तोंड झाकलं. मग उठून कोंबडा मारला. कोंबड्याची पाथरी घरच्या कर्त्या पुरुषाची. तिचा नवरा गेल्यापासून या घरात ती कुणाच्या ताटात पडली नव्हती. आज माझ्या पडली. तिची लेक तडाला म्हणाली, "सकाळी बादल्या धूत होता, रात्री मानकरी."
खाल्ली. जरा चिवट होती.

१० जून, मंगळवार
तडालाची आई पहाटेच्या मिनीबसने बहिणीकडे मंगोचीला गेली. दोन आठवडे राहणार. फोन नेहमीसारखा बंद. बरं झालं, तिला विश्रांती हवीच होती.

११.३०
डॉक्टरांनी बोलावलं. समोर फॉर्म, सूक्ष्मदर्शकाखाली २१२. मला बघायला लावलं. गुलाबी द्राक्षांचे घोस, प्रत्येक मण्यात थेंब. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "हे दूध तयार करणारं ऊतक आहे, कामावर असलेलं. बाई अठ्ठावन्न वर्षांची. दूध कुठून आलं?"
दुसरा फॉर्म मॅडमनी वाचला. वय तेवीस, बाळ पाच महिन्यांचं, अंगावर पितं.
मग मॅडमनीच विचारलं, "सिमवाका, डब्यांना हात लावलास?"
म्हटलं, अक्षर सुधारलं.
कुणी ओरडलं नाही. ओरडायला हवं होतं.
दोघींचे तुकडे पुन्हा घ्यायचे, खात्रीसाठी. पण डॉक्टरांना शंका नाही. तुकडा काढणारे सर्जन गुरुवारी आहेत, त्यानंतर थेट ऑगस्टमध्ये. तोवर गाठ थांबणार नाही, असं म्हणाले.
मी म्हटलं, मी आणतो तिला.

दुपारी ३, मिनीबसमध्ये
काय सांगायचं ते ठरवतोय. एक: काही नाही, एक सही राहिली. दोन: मशीन बिघडलं. तीन: दुसऱ्या कुणीतरी नंबर बदलले. तिसरं चांगलं आहे. झोम्बापर्यंत तिसरंच पक्कं होतं.

११ जून, मंगोची
काल पोचेपर्यंत अंधार झाला, धीर झाला नाही, मिनीबसच्या थांब्यावर झोपलो. सकाळी गेलो तर ती तळ्याकाठी उसिपाची बारीक मासळी वाळत घालत होती. मला बघून हसली. मी ऊतकांच्या चार प्रकारांपासून सुरुवात केली. झाकणारं, सांधणारं, ओढणारं इथपर्यंत तिने ऐकलं.
"सिमवाका. माझी गाठ कुठली?"
सांगितलं. पेनाचंही सांगितलं. तिसरं कारण आठवलंच नाही.
ती मासळी उलटत राहिली. एक ओळ, दुसरी ओळ. मी वाट बघत होतो, मारील म्हणून. मग तिने विचारलं, "त्या दुसरीला कळवलंस? तिचं साधं आहे म्हणून?"
म्हटलं, नाही, माझं लक्ष सगळं तुझ्याकडे होतं.
"पोर पाजतेय ती, आणि मनात मरण घेऊन बसली असेल. लाव फोन तुझ्या मॅडमना."
लावला. मॅडमनी तिला कालच बोलावून घेतलं होतं.

१२ जून, गुरुवार, ब्लँटायर
नवा तुकडा घेतला. मॅडमनी मला लॅबच्या दारातूनच परत पाठवलं. काढून टाकलं की काय ते अजून कुणी बोललेलं नाही, मीही विचारलं नाही. बाकावर तडालाच्या आईशेजारी जाऊन बसलो. तिच्या छातीवर पट्टी, हात मांडीत घट्ट धरलेले. धीर द्यावा म्हणून काही वाक्यं जुळवत होतो. तेवढ्यात तिनेच विचारलं, माझ्या तुकड्यापाशी आता कोण आहे?
म्हटलं, मॅडम. एकट्याच.
"मग बरं," म्हणाली आणि डोळे मिटले.