तळघरातली दोनशे बारा पुस्तकं

१० फेब्रुवारी १९८५, रविवार
आजपासून मंडळाची लायब्ररी आमच्या तळघरात. दोनशे बारा पुस्तकं. सगळी देशातून लोकांच्या सुटकेसमधून, लोणच्याच्या बरण्यांशेजारी बसून आलेली.

शैला म्हणाली, माझ्या अपार्टमेंटमध्ये ठेवू या, दुसरा मजला आहे. बर्फ वितळला की इथल्या तळघरांत पाणी येतं, बाई. म्हटलं, लोकांच्या तळघरांत येत असेल. शेवटी मंडळातले सगळ्यांत ज्येष्ठ, पुरुषोत्तमकाका, त्यांनी निकाल दिला : पाडव्यापर्यंत उत्तराकडे राहू द्या. कोरडी राहिली तर कायमची तिच्याकडे.

निम्मी पुस्तकं काकांचीच. म्हणजे मालिनीकाकूंची. काकू जाऊन दोन वर्षं झाली. पानोपानी समासात त्यांचे पेन्सिलीचे शेरे आहेत. 'हा नायक शुद्ध गाढव आहे.' 'इथे आमटी करपली.' काका अजून ते वाचायला पुस्तकं मागून नेतात.

संकल्प : शेरे खोडून काढणे. सार्वजनिक पुस्तकात खरडलेलं शोभत नाही. काकांना कळणारही नाही. उद्या खोडरबर आणणे.

१६ फेब्रुवारी, शनिवार
प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर फाउंटन पेनने सूचना लिहिली : 'पुस्तक जपून वापरावे. पाणी, तेल व लहान मुले यांपासून दूर ठेवावे. – ग्रंथपाल.' दोनशे बारा वेळा. नरेंद्र म्हणाला, शिक्का करून घे की. नवऱ्याला अक्षराचं काय कौतुक! चौथीपर्यंत मला दादांनी, माझ्या वडिलांनी, घरीच शिकवलं. वळणदार अक्षरात मी वर्गात पहिली यायचे. (वर्गात मी एकटीच होते, पण दादांनी कधी फुकट नंबर दिला नाही.)

खोडरबर राहिलं.

४ मार्च, सोमवार
रात्रभर बर्फ. दार उघडेना. नरेंद्रला ऑफिसला जायची घाई, म्हणजे फावडं माझ्या हातात.

शेजारचे मिस्टर ओल्सन ओरडून सांगत होते, बर्फ भिंतीपासून लांब टाका, रस्त्याकडच्या हिरवळीवर. रस्त्याकडे! आपली घाण लोकांच्या दारात ढकलायची नाही, हा दादांचा पहिला धडा. मी सगळा बर्फ घराच्या मागच्या भिंतीला नीट लावला. तळघराची खिडकी झाकली गेली, म्हणजे थंडीपासूनही बचाव. वरून फावड्याने थापून सपाट केला. ओटाच झाला.

ओल्सन जवळ येऊन बघू लागले. मग म्हणाले, 'वेल, दॅट्स डिफरंट.' इथली माणसं तोंडावर कौतुक करत नाहीत, पण कळतं.

११ मार्च, सोमवार
शैलाचा फोन. पाणी आलं का गं? आवाजात काळजी कमी, आशा जास्त. म्हटलं, नाही.

तरी ओल्सनना विचारून घेतलं. तळघराच्या कोपऱ्यात झाकणाखाली खड्डा आहे. आजूबाजूचं पाणी झिरपून त्यात येतं आणि आतला विजेचा पंप ते बाहेर फेकतो. बादली ओतून पाहिली. पंप गुरगुरला, खड्डा रिकामा. पास!

नरेंद्र म्हणाला, तरी पुस्तकं वरच्या मजल्यावर नेऊ या का? म्हटलं, मग शैला काय म्हणेल? त्याला मुद्दा कळला नाही.

खोडरबर : दुकानात गेले होते. फक्त गुलाबी होतं. गुलाबी डाग सोडतं.

२२ मार्च, शुक्रवार. पाडवा
डेकवर गुढी उभारली. कडक ऊन. छपरावरून धारा लागल्यात. माझा ओटा अर्धा खचला. पंप दर दहा मिनिटांनी चालू होतो. बिचारा कर्तव्यदक्ष आहे, आमच्या घरात शोभतो.

उद्या मंडळाचा पाडवा रॉचेस्टरला, एक रात्र मुक्काम. रविवारी परतताना काका आमच्याच गाडीतून येऊन तळघर बघणार. तळघर लख्ख कोरडं. खाली रांगोळी काढून ठेवली.

२३ मार्च, शनिवार, सकाळी ८
निघतोय. परगावी जाताना तीन गोष्टी, दादांचा नियम : नळ, गॅस, मेन स्विच. दूध ओल्सनबाईंना देऊन फ्रीज रिकामा केला. तिन्ही बंद. फ्रीजवरच्या यादीत तिन्हींपुढे खूण केली, खाली सही केली. नरेंद्र गाडीत हॉर्न वाजवतोय. असल्या बेफिकीर माणसाच्या भरवशावर घर राहिलं असतं तर!

२४ मार्च, रविवार, संध्याकाळी
काका पुढे, टॉर्च घेऊन. तिसऱ्या पायरीवर थांबले. म्हणाले, उत्तरा, रांगोळी कुठेय गं?

पाणी घोट्याच्या वर. नरेंद्रने गॅरेजमध्ये जाऊन मेन चालू केला आणि पंप गुरगुरायला लागला. थांबेचना.

२५ मार्च, सोमवार
दोन्ही कपाटांचे खालचे कप्पे गेले. एकसष्ट पुस्तकं. बहुतेक काकूंची, त्यांची जाड म्हणून खाली ठेवली होती.

पंपच कुचकामी, असं मी म्हटलं. ओल्सन उघडून बघून म्हणाले, पंप उत्तम आहे, त्याला फक्त वीज लागते. काका पाणी प्यायला फ्रीजपाशी गेले आणि यादी मोठ्याने वाचली. नळ, गॅस, मेन. मग सही वाचली. मग म्हणाले, अक्षर फार सुंदर आहे हो.

ओरडले असते तर बरं झालं असतं.

३१ मार्च, रविवार
घरभर दोऱ्या. पुस्तकं चिमट्यांनी टांगलीत. शैला तिचा हेअर ड्रायर घेऊन आली. 'मी म्हटलं होतं' असं एकदाही म्हणाली नाही. नऊ वेळा तोंड उघडून मिटलं.

काकांना खोडरबराचं सांगून टाकलं. न सांगता जेवण जाईना. ते फुगलेली पानं उलटत होते. म्हणाले, बघ, पेनची शाई सगळी वाहून गेली. पेन्सिल जशीच्या तशी.

खरंच. गाढव गाढवच आहे. आमटीही करपलेलीच. वाहून गेल्या त्या फक्त माझ्या सूचना, एकसष्टच्या एकसष्ट.

मी म्हटलं, म्हणजे रबर आणलं नाही हे बरंच झालं. काका म्हणाले, या महिन्यात तू केलेली तेवढी एकच गोष्ट बरोबर झाली, आणि तीही केली नाहीस.

६ एप्रिल, शनिवार
लायब्ररी शैलाकडे. आज पहिला दिवस. निघताना नळ बंद, गॅस बंद, मेन चालू. अर्ध्या रस्त्यात गाडी वळवायला लावली. मेन चालूच होता.

एक पुस्तक मागून आणलं. काकूंचंच, टांगलेल्यांपैकी. पहिल्या पानावर निळा डाग. त्याखाली काकांच्या हातची पेन्सिल : 'इथे पाण्यापासून दूर ठेवण्याची सूचना होती.'