तेरा आकडी वेळ

सोमवार, सकाळी ११
आज सर्व्हर बसला. अकरा मिनिटं अख्खं ऑफिस हातावर हात ठेवून. साहेब म्हणाले, कोणामुळे बसला ते शोधा, शुक्रवारी मीटिंगमध्ये नाव हवं. टीम लीडची जागा रिकामी आहे, त्यामुळे मी ताबडतोब उठून उभा राहिलो. शेजारच्या टेबलावरची नवी मुलगीही उठत होती. बसवली.

दुपारी ३
सर्व्हर जे जे करतो ते लॉगमध्ये लिहून ठेवतो. त्या ढिगातून काही शोधायचं तर 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' सांगावं लागतं. तेही माणसासारखं नाही! १ जानेवारी १९७० पासून किती मिलिसेकंद उलटले, तो तेरा आकडी नंबर द्यायचा. नवी म्हणाली, काका, तारीख टाकली की नंबर देणारी वेबसाइट आहे. काका? मी बेचाळीसचा आहे. शाळेत गणितात दुसरा आलो होतो. हातानेच करणार.

मंगळवार, ११.२०
चार पानं गुणाकार. लीप वर्षं बोटांवर मोजली. सेकंदांपर्यंत पोचलो. पुढे पुन्हा हजाराने गुणून नुसती तीन शून्यं वाढवण्यात काय हशील? दहा आकड्यांवर थांबलो. 'कधीपर्यंत'मध्ये 'आत्ता' टाकलं. बटण दाबलं. चक्र फिरत राहिलं आणि सर्व्हर पुन्हा बसला.

गुन्हेगाराला माझा सुगावा लागलाय.

बुधवार
तीनदा शोधलं, तीनदा बसला. मी बटण दाबायचा अवकाश, की हा घाव घालतो. म्हणजे त्याला माझा स्क्रीन दिसतो. म्हणजे तो जवळच बसतो. नवी दोनदा म्हणाली, काका, तुमची क्वेरी, म्हणजे शोधायला काय टाकलंत ते, दाखवा ना एकदा. चोराच्या मनात चांदणं.

घरी हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, अडलं तर विचारावं माणसाने, विचारल्याने नाक कापलं जात नाही. मी म्हटलं, ज्याचं नाक त्याला ठाऊक.

गुरुवार
चारदा बसला. खालच्या मजल्यावरच्यांनी पत्ते काढले. साहेबांना केबिनमध्ये जाऊन सांगितलं, आरोपी आपल्यातलाच आहे, उद्या सर्वांसमोर नाव सांगतो. साहेब खूश. नवीकडे बघून सूचक हसलो. तीही हसली. निर्लज्ज.

शुक्रवार, दुपारी १२.३०
मी तोंड उघडणार, तेवढ्यात साहेब म्हणाले, आधी लॉग पडद्यावर लावा. नवीने माझ्याच आकड्यापुढे तीन शून्यं टाकली. दोन सेकंदांत यादी आली.

सोमवारी आदल्या रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत रेंगाळला, म्हणून सर्व्हर बसला होता. माणूस नव्हताच. पुढच्या आठही वेळा एकच क्वेरी, तीन शून्यं कमी: जानेवारी १९७० पासून आत्तापर्यंतचं सगळं शोधा. सर्व्हर जन्मल्यापासूनचा अख्खा ढीग उपसत होता बिचारा. क्वेरीपुढे नाव. साहेबांनी ते मोठ्याने वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

मी ठणकावून म्हटलं, लॉगमधली वेळ बरोबर कशावरून? पत्तेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. लाज वाटली, पण दाखवली नाही.

संध्याकाळी ६
नवी टीम लीड झाली. चूक कबूल केल्याच्या कागदावर तिच्यासमोर सही करायची होती. मान ताठ ठेवून केली. खाली तारीखही घातली, झोकात, कोणालाही न विचारता.

तिने ती हळूच खोडली आणि आजची घातली.