पाळकबाईंची जागा

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या कानावर आलंय ते खरं आहे. दर रविवारी आमच्या शिंपीकामाच्या दुकानात प्रार्थना होते. यंत्रं भिंतीला सरकवली, कापायच्या टेबलावर चादर टाकली, की झालं आमचं चर्च. पाळक इतके उंच आहेत की टांगलेल्या कोटांच्या बाह्या त्यांच्या कानाला लागतात. गातात मात्र बेसूर. मग त्यांची बायको, आमच्या पाळकबाई, त्यांना कोपराने ढोसतात आणि आम्ही हसू दाबतो.

यावरून गिऱ्हाइकं तुटली, आणि घरमालकानेही प्रार्थना बंद करा म्हणून बजावलंय. चुनाभट्टीपलीकडे जमिनीचा तुकडा मिळालाय, तिथे बांधायचं ठरतंय. बाबांना सांग, मी बरी आहे.

रागावलास तरी लोभ तसाच असू दे.

तुझी,
धाकटी


२० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

रागावलो आहेच. एवढा हट्ट शाळेत अभ्यासाचा धरला असतास तर आज मास्तरीण झाली असतीस. धंदा बसल्यावर खाणार काय, याचा विचार केलाय का दोघांनी?

बाबा तुझ्या पत्राला हात लावत नाहीत. पण मी मोठ्याने वाचायला लागलो की उठूनही जात नाहीत. तुमच्याकडे तापाची साथ आहे म्हणतात. पाणी उकळून पी, आणि जावईबापूंना जप.

काळजीत टाकू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
दादा


१७ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पाळकबाई गेल्या. ज्या घरांत कोणी पाऊल टाकत नव्हतं, तिथे त्या आजाऱ्यांचं अंग पुसायला जायच्या. शेवटी तापाने त्यांनाच गाठलं.

दफनभूमीच्या पंचांनी फाटक उघडलं नाही. तुमची माणसं तुमच्या जागेत न्या, म्हणाले. भर उन्हात आम्ही गाडी फिरवली आणि चर्चच्या जमिनीवर आलो. तिथे अजून पायासुद्धा खणला नव्हता. पहिला खड्डा बाईंसाठी खणला. ह्यांचे हात सोलवटले. पाळक मातीच्या ढिगावर नुसते बसून होते.

नंतर सगळे म्हणू लागले, हे गावच सोडू या. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "बाईंना इथे एकटं टाकून कुठे जायचं?"

 दुसऱ्या दिवशी गवंड्याने दोरी पुन्हा ताणली आणि बाईंची जागा सोडून भिंत आखली.

आठवण ठेव.

तुझी,
धाकटी


९ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पाळकांना जेवायला कोण घालतं, असं बाबांनी विचारल्याचं तू लिहिलंस. वाचून खूप रडले. बाबांना सांग, मीच घालत होते. आता पाळक इथे नाहीत.

चर्चवर छप्पर चढलं त्याच आठवड्यात ते गाव सोडून गेले. दर रविवारी बाईंच्या मातीवरून नजर हटवून आत शिरायचं त्यांना जमेना. आम्ही त्यांना अडवलं नाही, आणि नावंही ठेवली नाहीत.

पुढच्या रविवारी आम्ही मोजकीच माणसं ओल्या चुन्याच्या वासात बसलो. पुढे कोणीच नव्हतं. बऱ्याच वेळाने हे उठले. ह्यांचं बोलणं म्हणजे मापं घेतानाचं छाती, कंबर आणि बाही, एवढंच. बायबल हातात धरून हे वाचू लागले आणि दुसऱ्याच ओळीला आवाज बसला. आम्ही थांबलो. खूप वेळ थांबलो. पण कोणी उठून गेलं नाही, आणि मग ह्यांनी तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.

बाबांना नमस्कार. आमच्यावरची माया आटू देऊ नका.

तुझी,
धाकटी