समोरचं शटर

बजाजनगर, गुरुवार

आशा,

तू मेस बंद करून देवगावला गेलीस, तेव्हा मी पेढे वाटणार होते. दोघी जावा, समोरासमोर मेस, अन् रोज एकमेकींच्या फोडणीचा वास घेत स्वयंपाक! तुझ्याकडं साधी वांगी असली, की मी मुद्दाम भरली वांगी करायचे. तुझा ठेचा, तर माझा ठेचा अन् वर पापड.

आता कंपनीतली तुझीबी सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडंच जेवतात, बसायला जागा पुरत नाय. तरी सकाळी कढई तापली, की मी झारा घेऊन दारात. समोरचं शटर खाली. काय शिजवावं तेच सुचत नाय. सारखं आपलं पिठलं. तुझे थोरले दीर म्हणतात, "जिंकलीस ना? मग बस की निवांत." कसली निवांत!

आज लई राग आला. कुणाचा, ते कळंना. रागातच शेंगदाणे भाजले अन् तुझ्यासारखी झणझणीत आमटी केली, जिला मी आजवर नावंच ठेवली. तुझं जुनं गिऱ्हाईक, सांडू, पहिल्या घासालाच थांबला.

"मावशी, आशाबाई परत आल्या का?"

सगळे माझ्याकडं बघाया लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, "व्हय. सोमवारी शटर उघडणार हाय."

हे पत्र काही टाकणार नाय. वाचून तू जिंकल्यागत हसशील. उद्या सकाळच्या एसटीनं मीच येते, भांडायला.

तुझी थोरली जाऊ,
मनकर्णा